बाटलीबंद हॉट सॉस : चव आणि तिखटपणा वेगवेगळे कसे जोखावेत?

सावकाश

हॉट सॉसविषयी जे काही लिहिले जाते, त्यात ‘किती तिखट आहे?’ या एका प्रश्नापलीकडे चर्चा सहसा जात नाही. कोणी लेबलावरचा स्कोव्हिल आकडा (तिखटपणाचे माप) सांगतो, कोणी दहापैकी गुण देऊन मोकळा होतो, तर कोणी नाकाडोळ्यांतून पाणी कसे वाहिले याचे रसभरीत वर्णन करतो. मिरची ताजी लागत होती की आंबवलेली, व्हिनेगरने तिला झाकून टाकले होते का, मीठ बेताचे होते की चढे, आग ओठांवर लागली की घशात आणि ओसरायला किती वेळ लागला, याबद्दल चकार शब्द नसतो. असे अभिप्राय कितीही वाचले तरी बाटली घ्यावी की नाही, हे काही ठरवता येत नाही.

माझे मत असे आहे की चव आणि तिखटपणा यांचा निवाडा स्वतंत्रपणे व्हावा आणि चवीचा निवाडा आधी व्हावा. कॅप्सेसिनची, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याची, जळजळ जिभेवर पडताक्षणी पूर्ण जोराने जाणवत नाही. ती चढायला थोडा अवकाश लागतो आणि तेवढ्या अवधीत आंबट, खारट, गोड आणि मिरचीचा स्वतःचा स्वाद बऱ्यापैकी स्वच्छ कळतो. एकदा तोंड पेटले की मग बारकावे टिपण्याची शुद्ध कोणाला राहते? म्हणून मी आधी बाटलीच्या तोंडाशी वास घेतो, मग चमच्याच्या टोकावरचा एक थेंब जिभेवर ठेवतो आणि पहिल्या काही क्षणांत जे जाणवेल ते लगेच लिहून काढतो. तिखटाची नोंद त्यानंतर.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नुसता सॉस चाखून दिलेला निकाल ग्राह्य धरावा का, की तो अन्नाबरोबरच जोखला पाहिजे? आणि लेबलावरच्या आकड्याला कितपत किंमत द्यावी?

हायहुई

माझी कसोटी फार सोपी आहे. बाटली लवकर संपली तर सॉस चवदार, आणि तिच्याआधी मी संपलो तर तिखट.

मोजपट्टी

आकड्याविषयी लिहितो, कारण त्यावर गैरसमज फार आहेत. विल्बर स्कोव्हिल हे पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत काम करणारे औषधतज्ज्ञ होते आणि त्यांनी ही कसोटी १९१२ साली मांडली. सुकवलेल्या मिरचीतले तिखट द्रव्य अल्कोहोलमध्ये उतरवून घ्यायचे, ते साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचे आणि पाच परीक्षकांपैकी किमान तिघांना तिखट जाणवेनासे झाले की थांबायचे, अशी ती पद्धत होती. जितके पट पातळ करावे लागले, तितके स्कोव्हिल एकक. म्हणजे मुळात हा आकडा जिभेनेच काढलेला होता आणि जीभ थकते, शिवाय प्रत्येकाची वेगळी असते. आता हे काम एचपीएलसी या, द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर होते. नमुन्यात कॅप्सेसिन आणि त्याची भावंडे किती आहेत हे मोजायचे आणि दशलक्षात एक भाग म्हणजे साधारण १६ स्कोव्हिल या हिशेबाने रूपांतर करायचे. शुद्ध कॅप्सेसिनला १ कोटी ६० लाख एकके मिळतात, ती याच हिशेबाने.

खरी मेख पुढे आहे. मिरच्यांच्या तक्त्यांत दिसणारे आकडे बहुधा सुकवलेल्या मिरचीचे असतात. ताज्या मिरचीत दहापैकी नऊ भागांच्या आसपास पाणी असते. समजा, हबानेरो जातीच्या एका जहाल मिरचीचा सुक्या वजनावरचा आकडा २ लाख आहे, तर ती ताजी असताना हिशेब २० हजारांच्या घरात येतो, आणि सॉसमध्ये ती निम्मी असेल तर १० हजारांवर. व्हिनेगर, गाजर, कांदा, पाणी वाढत गेले की आकडा आणखी उतरतो. टबॅस्को मिरची ३० ते ५० हजारांची मानली जाते, पण तिच्यापासून बनलेला प्रसिद्ध लाल सॉस अडीच ते पाच हजारांत बसतो. त्यामुळे लेबलावर जगातील सर्वांत तिखट मिरचीचे नाव आणि ज्वाळांचे चित्र असले, तरी बाटलीत त्या मिरचीचे प्रमाण किती, हे कळल्याशिवाय त्या नावाला अर्थ नाही. २०२३ मध्ये पेपर एक्स या वाणाची सरासरी २६ लाख ९३ हजार अशी विक्रमी नोंद झाली आणि ते नाव लेबलांवर मिरवले जाते; पण तो आकडा मिरचीचा आहे, सॉसचा नव्हे.

खलबत्ता

मोजपट्टी, प्रतिसाद संग्राह्य आहे.

सावकाश यांच्या पहिल्या प्रश्नाबाबत मात्र माझा त्यांच्या पद्धतीलाच आक्षेप आहे. सॉस हा चमच्याने पिण्याचा पदार्थ नाही. बनवणाऱ्याने त्यातले मीठ आणि आंबटपणा, तो दुसऱ्या कशावर तरी पडणार हे गृहीत धरूनच बसवलेला असतो. नुसता चाखला तर जो सॉस खारट आणि आंबटढाण वाटेल, तोच अळणी पदार्थावर अगदी नेमका बसू शकतो. उलट, चमच्यावर गोडसर आणि गुळगुळीत लागणारा सॉस अन्नात पडला की कुठे गेला ते कळतही नाही. म्हणून मी उकडलेला, मीठ न घातलेला बटाटा घेतो. त्याला स्वतःची ठसठशीत चव नसते, तो सॉस धरून ठेवतो आणि प्रत्येक वेळी जवळपास सारखाच असतो. ज्यांना बटाटा नको, त्यांनी साधा भात किंवा पाव घ्यावा. मात्र दर वेळी तोच घ्यावा.

चीज, लोणी, अंड्याचा बलक असे स्निग्ध पदार्थ मात्र चाचणीसाठी टाळावेत. कॅप्सेसिन स्निग्धात विरघळते, त्यामुळे आग बोथट होते आणि सौम्य सॉसला उगीचच ‘बिनतिखट’ असा शेरा मिळतो.

सावकाश

खलबत्ता, तुमचा मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. अन्नावरची चाचणी सॉसचा उपयोग सांगते, त्याची घडण सांगत नाही. एखाद्या सॉसमध्ये कच्च्या लसणाचा उग्रपणा आहे की भाजलेल्या लसणाचा गोडवा, हे बटाट्यावर मला तरी नीट कळत नाही. दोन्ही चाचण्या कराव्यात आणि कोणता निकाल कोणत्या चाचणीचा, हे अभिप्रायात लिहावे, असे सुचवतो.

चिमूटभर

चाखण्याच्या आधी लेबल वाचावे, असे मी म्हणेन. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, हा संकेत बहुतेक देशांत पाळला जातो. यादी व्हिनेगरने सुरू होत असेल तर सॉस पातळ, आंबट आणि झटपट ओसरणाऱ्या तिखटाचा असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. मिरची पहिल्या क्रमांकावर असेल तर अंगात गर जास्त आणि मिरचीची चव पुढे. पाणी पहिले आणि मिरची चौथी असेल, तर समोरचा माल मिरचीचा कमी आणि घट्ट करणाऱ्या द्रव्याचा जास्त आहे. साखर मिरचीच्या आधी आली असेल तर तिखटपणाची धार बोथट लागेल, कारण गोडीने जळजळ कमी जाणवते.

झँथन गम हे दाट करणारे द्रव्य दिसले म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, ते अगदी थोडे असले तरी गर आणि पाणी वेगळे होऊ देत नाही. जास्त झाले की मात्र सॉस बुळबुळीत होतो, जिभेवरून हलत नाही आणि स्वादही दबून येतो.

आणि यादीत ‘मिरची अर्क’ किंवा ‘ओलिओरेझिन’ दिसले तर मी बाटली परत फळीवर ठेवतो. त्या आगीला चव नसते. धातू चघळल्यासारखा कडवटपणा मागे राहतो आणि तो पुढचे सगळे बिघडवतो.

उपद्व्यापी

चिमूटभर, अर्काविषयीचा हा सोवळेपणा मला पटत नाही. अर्क म्हणजे मिरचीतूनच काढलेले तिखट द्रव्य, ते काही कारखान्यात कोळशापासून बनवलेले नसते. मोठे पातेलेभर रस्सा तिखट करायचा आहे आणि त्यात आणखी आंबटपणा किंवा पाणी नको आहे, अशा वेळी अर्काच्या सॉसचे दोन थेंब जे काम करतात, ते तुमच्या गरदार सॉसची अर्धी बाटली करणार नाही. हत्यार म्हणून त्याला जोखा, पदार्थ म्हणून नको.

चिमूटभर

उपद्व्यापी, हत्यार म्हणून त्याचा उपयोग मी नाकारत नाही. माझी तक्रार अशी की त्याच बाटलीवर ‘अप्रतिम चव’ असेही छापलेले असते. चवीचा दावा केला की चवीचे गुणही सोसावे लागतात.

मंद आच

आंबवलेला आणि न आंबवलेला सॉस यांतला फरक अजून कोणी मांडला नाही, म्हणून लिहिते. सगळे आंबट सारखे नसते. व्हिनेगरमधले अॅसिटिक आम्ल हवेत उडते, म्हणून बाटली उघडताच ते नाकाला झोंबते आणि जोराने श्वास घेतला तर ठसका लागतो. मीठ लावून मुरवलेल्या मिरचीत जिवाणूंनी तयार केलेले लॅक्टिक आम्ल तसे उडत नाही. त्याचा आंबटपणा वासात फारसा येत नाही, जिभेवर मात्र गोल आणि टिकून राहणारा लागतो. वासात झोंबणे कमी आणि तोंडात आंबट पुरेसे, अशी जोडी दिसली की सॉस आंबवलेला असण्याची शक्यता बरीच असते. काही उत्पादक दोन्ही मार्ग एकत्र करतात. वर उल्लेख आलेला टबॅस्को सॉस १८६८ पासून अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एव्हरी आयलंड येथे बनतो. त्यासाठी मिरचीचा ठेचा मीठ लावून ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात आणि मग त्यात व्हिनेगर मिसळतात. घटक तीनच : व्हिनेगर, मिरची आणि मीठ. तरीही ताज्या मिरचीत नुसते व्हिनेगर घातलेल्या सॉसपेक्षा त्याची चव निराळी लागते, ती मुरवल्यामुळेच.

आता दोन चाचण्या सांगते, दोन्हींना काही खर्च नाही. पहिली पांढऱ्या बशीची. बशीत एक थेंब टाकावा, बशी किंचित तिरपी करावी आणि थोडे थांबावे. काही सॉसच्या थेंबाभोवती हळूहळू फिकट, पाणीदार कडे उमटते आणि मधे गराचे रवाळ बेट उरते; म्हणजे त्यात दाट करणारे द्रव्य नाही किंवा नगण्य आहे. काही थेंब काचेच्या मण्यासारखे चकचकीत आणि अखंड घसरतात, मागे सारखी, चिकट रेघ सोडतात. तिथे गम किंवा स्टार्च आहे. गरात बियांचे तुकडे दिसले म्हणून सॉस जास्त तिखट असेल, असे मात्र समजू नये. कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही. ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात, त्यात ते तयार होते आणि बियांना वरवर लागते.

दुसरी चाचणी नाकाची. नाक चिमटीत घट्ट धरून थेंब जिभेवर ठेवावा. आंबट, खारट, गोड आणि आग एवढेच कळेल. मग नाक सोडून श्वास बाहेर टाकावा. त्या क्षणी जे काही उसळून येते, म्हणजे हिरव्या मिरचीचा गवती वास, हबानेरोचा जर्दाळूसारखा फळवास, धुराचा वास, लसूण, तो सॉसचा खरा स्वाद. नाक सोडल्यावरही विशेष काही आले नाही, तर त्या बाटलीत मीठ, आम्ल आणि आग यांपलीकडे काही नाही, असा निकाल निःशंकपणे द्यावा.

हायहुई

नाक धरून थेंब जिभेवर ठेवला. नाक सोडेपर्यंत धीर धरवला नाही, पण घरातल्यांची करमणूक झाली. चाचणी यशस्वी समजावी का?

नवखी

धागा वाचून उपयोग होतो आहे. एक शंका आहे. तीन-चार सॉस एका बैठकीत चाखले तर कधी पुढचा प्रत्येक सॉस आधीच्यापेक्षा जास्त तिखट वाटतो, तर कधी शेवटचा अगदीच मवाळ वाटतो, मग तो लेबलानुसार सर्वांत जहाल का असेना. असे उलटसुलट का होत असावे? आणि मध्ये पाणी प्यावे की दूध?

मोजपट्टी

नवखी, तुम्ही म्हणता ते दोन्ही परिणाम खरे आहेत आणि ते सॉसमध्ये नसून चेतातंतूंत आहेत. तिखट ही जिभेवरच्या स्वादकलिकांनी ओळखलेली चव नाही. ती उष्णता आणि वेदना यांची संवेदना आहे. टीआरपीव्ही१ नावाचा एक ग्राहक (चेतातंतूंवरचा, संवेदना टिपणारा रेणू) ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने जसा जागा होतो, तसाच कॅप्सेसिननेही होतो, म्हणूनच तोंड खरोखर भाजल्यासारखे वाटते. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये त्याचा शोध लावला आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले.

आता तुमचा प्रश्न. थेंबामागून थेंब उसंत न घेता चाखत गेले की जळजळ एकावर एक चढत जाते. परंतु मध्ये काही मिनिटांची विश्रांती घेऊन पुन्हा चाखले तर तेच ग्राहक मंदावलेले असतात आणि पहिल्याइतका प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे घाई केली तर शेवटच्या सॉसवर अन्याय आणि थोडेच थांबले तरीही अन्यायच. यावर खात्रीचा तोडगा म्हणजे एका बैठकीत फार सॉस न घेणे, सौम्याकडून जहालाकडे जाणे आणि चुरशीच्या दोन सॉसची तुलना दुसऱ्या दिवशी क्रम उलटवून पुन्हा करणे.

पाण्यात कॅप्सेसिन जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने गारवा तेवढा क्षणभर मिळतो. दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते आणि स्निग्धांशाचीही मदत होते, म्हणून दूध किंवा दही बरे. सॉस आणि अन्न यांच्या तापमानाकडेही लक्ष द्यावे. कोमट पदार्थावर तोच सॉस जास्त भाजतो आणि थेट फ्रिजमधून काढलेला गार सॉस गरीब गायीसारखा वागतो. आम्लामुळेही हाच ग्राहक चेतवला जातो, त्यामुळे जास्त व्हिनेगरचा सॉस पहिल्या झटक्यात आकड्याच्या मानाने तिखट वाटू शकतो.

हायहुई

पक्ष्यांना कॅप्सेसिन जाणवत नाही, असे वाचले आहे. तसे असेल तर चवीचे गुण देण्याचे काम पोपटाकडे सोपवावे. नुसता आकडा पाहून बाटली घेणाऱ्याचा तसाही पोपटच होतो.

मंद आच

हायहुई, वाचले ते खरे आहे. पक्ष्यांमधला तो ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर पसरवतात. मात्र पोपटाची स्वादाविषयीची मते लिहून घेणार कोण?

खलबत्ता

तिखटाची नोंद ‘दहापैकी सात’ अशी करण्याऐवजी तिचा प्रवास लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आग किती वेळाने सुरू झाली, प्रथम कुठे लागली (ओठ, जिभेचे टोक, टाळू की घसा), चढतीचा वेग कसा होता, शिखरावर किती वेळ राहिली आणि उतरताना एकदम विझली की धुमसत राहिली, या गोष्टी दोन सॉसमधला फरक जितका स्पष्ट करतात, तितका कोणताही आकडा करत नाही. पातळ, व्हिनेगरप्रधान सॉस सहसा ओठांवर आणि जिभेच्या पुढच्या भागावर चटकन पेटतो आणि लवकर उतरतो. भूत जोलोकियासारख्या मिरच्यांचे सॉस आधी फळासारखे गोडसर, साळसूद लागतात आणि मग घशाकडून आग वर येते, ती बराच वेळ हटत नाही. मिरचीत कॅप्सेसिन आणि डायहायड्रोकॅप्सेसिन हे दोन मुख्य असले, तरी त्यांची इतर भावंडेही असतात आणि त्यांचे प्रमाण वाणागणिक बदलते, हे या फरकामागचे एक कारण. सॉस किती दाट आहे आणि त्यात तेल आहे का, ही दुसरी दोन.

म्हणून पहिल्या थेंबानंतर लगेच ‘काहीच तिखट नाही’ असे म्हणत दुसरा मोठा घास घेणाऱ्यांची मला काळजी वाटते.

उपद्व्यापी

शेवटच्या वाक्याला दुजोरा. सल्ला अनुभवातून आहे, तपशील विचारू नये.

चिमूटभर

खलबत्तांच्या मुद्द्याला एक पुरवणी. आग नाकात चढून डोक्यात झिणझिण्या आल्या आणि पाहता पाहता नाहीशी झाली, तर ती मिरचीची नव्हे. मोहरी किंवा हॉर्सरॅडिश (मोहरीसारखे झोंबणारे एक मूळ) यांतले अॅलिल आयसोथायोसायनेट हवेत उडणारे असते, म्हणून ते नाक गाठते. कॅप्सेसिन जिथे पडते तिथेच बसून राहते. मिऱ्यातले पायपरिन आणि आल्यातले जिंजरॉल हेही वेगळे तिखट. मिरचीखेरीज इतर तिखटे घातलेले सॉस बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यांचा एकत्रित आकडा काढणे निरर्थक आहे, कारण यंत्र केवळ कॅप्सेसिनॉइड, म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याची भावंडे, मोजते.

अधमुरा

अभिप्राय देताना बाटली किती दिवस उघडी आहे, तेही नमूद करावे. आंबट आणि खारट असल्यामुळे असा सॉस सहसा लवकर नासत नाही, पीएच (जितका कमी तितके आंबट) ४.६ च्या खाली असला की बोट्युलिझम या घातक विषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही, आणि व्हिनेगरप्रधान सॉस त्याच्याही बरेच खाली असतात. मात्र नासणे निराळे आणि उतरणे निराळे. हवा लागून वरचा थर तपकिरी होतो, प्रकाशाने मिरचीचा लाल रंग फिका पडतो, बाटलीच्या तोंडाशी वाळलेली खपली धरते आणि ताज्या मिरचीचा, फळाचा किंवा लसणाचा उडता सुवास हळूहळू निघून जातो. कॅप्सेसिन मात्र टिकाऊ असते. परिणामी जुन्या बाटलीत आग जवळपास तेवढीच राहते आणि चव निघून गेलेली असते. अशी बाटली चाखून ‘नुसताच तिखट आहे, चव नाही’ असा शेरा मारला जातो, तेव्हा दोष सॉसचा असतोच असे नाही.

नवखी

सगळ्यांच्या सूचना एकत्र करून दोन सॉस तपासले. दोन्हींवर मिरचीचे नाव एकच आहे आणि दोन्ही बाटल्यांवर तिखटाच्या पाचपैकी चार खुणा छापल्या आहेत. पहिल्याचा घटकक्रम मिरची, व्हिनेगर, मीठ, लसूण असा. दुसऱ्याचा पाणी, साखर, व्हिनेगर, मिरची, स्टार्च, मिरची अर्क असा. बशीत पहिल्याभोवती पाण्याचे कडे उमटले, दुसरा थेंब तसाच गोल राहिला. नाक सोडल्यावर पहिल्यात पिकलेल्या फळासारखा वास आणि मागून लसूण आला. दुसऱ्यात टोमॅटो सॉससारखा गोड वास, बाकी काही नाही. बटाट्यावर पहिल्याची आग हळूहळू घशाकडे गेली आणि जेवण रुचकर वाटावे इतपतच राहिली. दुसऱ्याची आग उशिरा आली, पण एकदम आली आणि शेवटी जिभेच्या मुळाशी कडसर चव उरली. यावरून दुसरा अधिक तिखट असा निष्कर्ष काढावा का?

सावकाश

नवखी, मला धागा काढताना नेमके असेच वर्णन अपेक्षित होते. तुमचे टिपण वाचून मी पहिली बाटली निःसंकोच घेईन आणि आकड्याची चौकशीही करणार नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर : शिखर दुसऱ्याचे उंच, एवढेच म्हणता येईल. पहिल्याची आग लवकर सुरू होऊन जास्त वेळ राहिली असेल, तर दोघांतला अधिक तिखट कोणता, याचे एका शब्दात उत्तर निघत नाही, आणि काढूही नये.

माझ्या मूळ मतात खलबत्तांच्या आग्रहामुळे एक भर घालतो. चवीचा निवाडा दोनदा व्हावा. एकदा थेंबावर, तिखट चढण्याआधी, आणि एकदा बटाट्यावर, तिखट चढलेले असताना. सॉस खाताना माणूस बहुतांश वेळ दुसऱ्या अवस्थेत असतो, आणि आग पेटलेली असतानाही ज्याचा स्वाद पोहोचतो, असा सॉस बनवणे अवघड काम आहे.

मोजपट्टी

एक सूचना राहिली होती. दर बैठकीत एक ओळखीचा, सहज मिळणारा सौम्य सॉस सोबत ठेवावा आणि सुरुवात त्याच्यापासून करावी. ‘त्याच्यापेक्षा तिखट’, ‘त्याच्यापेक्षा कमी आंबट’ असे लिहिले की तो सॉस ज्याने चाखला आहे, त्याला तुमची जीभ किती सोसते हे माहीत नसतानाही मापन कळते. रोज तिखट खाणाऱ्याचे दहापैकी चार आणि कधीतरी खाणाऱ्याचे दहापैकी चार यांत फार अंतर असते. शक्य असेल तर लेबल झाकून, दुसऱ्या कोणाकडून थेंब वाढून घ्यावेत. गडद लाल रंग पाहिला की जास्त तिखटाची अपेक्षा आपोआप तयार होते.

नवखी

पुढच्या वेळी तसेच करीन. शेवटची शंका : थेंब काढण्याआधी बाटली हलवावी की स्थिर ठेवावी? पहिल्या सॉसचा वरचा भाग पाणीदारच निघतो.

खलबत्ता

हलवावी, आणि चांगली हलवावी. गर खाली बसलेला असला तर वरून नुसते आंबट पाणी येते आणि तळाला पोहोचेपर्यंत सॉस दुसराच झालेला असतो. अर्क घातलेल्या बाटलीबाबत तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण तेलकट अर्क नीट मिसळलेला नसेल तर वर तरंगतो आणि पहिल्याच थेंबात सगळा प्रसाद मिळतो. फक्त हलवण्यापूर्वी झाकण घट्ट आहे ना, ते पाहावे, आणि आंबवलेला सॉस असेल तर हलवून झाल्यावर झाकण तोंडापासून दूर धरून सावकाश उघडावे. आतला वायू कधीकधी थांबायला तयार नसतो.

हायहुई

झाकणाची सूचना दोन मिनिटे उशिरा वाचली. भिंतीवर उडालेल्या सॉसला पाण्याचे कडे उमटले आहे, म्हणजे स्टार्च नाही.